पूरदिवसांची शाळा : प्रकल्प नोंदी, पावसाळा २०२४

१० जून

शाळा १५ तारखेला भरणार. त्याआधी आज केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांची बैठक झाली. पुरात शाळा बंद राहते तेव्हा मुलांचं शिकणं कसं चालू ठेवायचं, याचा आराखडा लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी ते मागूनच घेतलं.

आमची गावं शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर. पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो आणि शिवारात तटून राहतो. कोल्हापुरात पाणी उतरायला लागलं तरी आमच्याकडे लगेच उतरत नाही. त्यामुळे जिल्ह्याची सुट्टी संपते आणि आमची शाळा मात्र बंदच असते. आराखडा खरं तर या मधल्या दिवसांसाठी हवा आहे.

शिवाय आमची इमारत गावात सगळ्यात उंचावर. वर्गात पाणी शिरो न शिरो, पूर आला की ती निवारा केंद्र होते. तशी ती व्हायलाच हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळ जिथे पंचगंगेची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, पुणे-बंगळुरू महामार्ग बंद पडला, तेव्हा या वर्गांनी किती घरं सांभाळली ते गावाला माहीत आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच, आणि त्या वेळी कोरोनामुळे शाळा आधीपासूनच बंद होती. दोन्ही वेळा पाणी ओसरल्यावर वर्गात बसलेली मुलं मला आठवतात. चौथीतली मुलं जोडाक्षरांवर अडखळत होती. पुराचं नुकसान मोजायला तलाठी येतात, पंचनामा होतो. हे नुकसान मात्र कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

१९ जून

पहिल्या आठवड्यात पालक शाळेत येतात. तेव्हाच एक जादा पान भरून घेतोय. प्रश्न तीन. पाणी आलं तर कुठं जाता? तिथल्या कुणाचा फोन नंबर? जनावरं कुठं नेता?

तिसरा प्रश्न बघून केंद्रातल्या एका सरांनी विचारलं, शाळेला म्हशींशी काय करायचंय? करायचंय. आमच्याकडे माणसं आधी जनावरं हलवतात, मग स्वतः हलतात. सहावी-सातवीतली मुलं वडिलांबरोबर जनावरांच्या मुक्कामी जातात आणि आई धाकट्यांना घेऊन निवाऱ्यात किंवा माहेरी. एका घरची भावंडं दोन ठिकाणी असतात. थोरला कुठे आहे हे कळायचं तर म्हैस कुठे बांधली आहे हे ठाऊक हवं.

दुसऱ्या प्रश्नाला वडिलांचा नंबर चालणार नाही, असं आधीच सांगतोय. तो आमच्याकडे असतोच आणि पुरात तो लागत नाही. एका आईनं स्वतःहूनच सांगितलं, "सर, पोरांच्या मामाचा लिवा. ह्यांचा फोन पावसात कुठं लागतोय?" मामाचं गाव माळावर, तिथे वीज असते, फोन चार्ज असतो, आणि भाचरं तिथेच येणार असतात. बऱ्याच पानांवर आता मामाचाच नंबर आहे.

२६ जून

आज शाहू जयंती. कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते महाराजांनी. ज्या राधानगरीच्या दरवाजांच्या बातमीकडे आम्ही पावसाळाभर कान लावून असतो, त्या धरणाचं कामही त्यांनीच सुरू केलं. प्रभातफेरीनंतर सातवीच्या मुलीनं भाषणात दोन्ही गोष्टी सांगितल्या.

दुपारी आराखड्यावर बसलो. नव्यानं रुजू झालेल्या एका बाईंचा आग्रह होता की शाळा बंद असेल त्या दिवशी मोबाईलवर थेट तास घ्यावेत. त्यांची तळमळ खरी आहे, म्हणून बैठकीत घाई केली नाही. २०२० मध्ये काय काय झालं ते सगळ्यांनी सांगितलं. राज्याकडून ‘शाळा बंद... पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला रोज व्हॉट्सअ‍ॅपवर येत होती. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागायची. पुढे व्हॉट्सअ‍ॅपवरच ‘स्वाध्याय’चे प्रश्न सुरू झाले. साहित्य चांगलं होतं, मी स्वतः त्यातलं अजून वापरतो. पण ते ज्या मुलापर्यंत पोचायला हवं होतं त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता घरातल्या एका फोनवरून जात होता, आणि तो फोन वडिलांच्या खिशात रानात गेलेला असायचा. ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२१ च्या अहवालात देशभराचं हेच चित्र आहे: घरात स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकीही साधारण चारातल्या एकाला तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता.

कोरोनात निदान वीज होती, टॉवर चालू होते, मुलं आपापल्या घरात होती. पुरात महावितरणला पाण्यातली रोहित्रं बंद करावीच लागतात, नाहीतर जीव जातील. मग टॉवरची बॅटरी उतरते. जिथे साधनांची कमी नाही तिथेही हा भरवसा पुरत नाही. याच वर्षी १३ फेब्रुवारीला न्यूयॉर्क शहरानं हिमवादळामुळे सरकारी शाळांच्या इमारती बंद ठेवून सगळ्यांना घरून शिकायला बसवलं, तर सकाळी असंख्य मुलांना आणि शिक्षकांना ऑनलाइन वर्गात शिरताच आलं नाही. आमच्या निवाऱ्यात एका प्लगवर अख्खा वर्ग फोन लावतो. तिथे तासाची लिंक पाठवण्यात अर्थ नाही.

ठरलं ते असं. अभ्यास कागदावर. फोन फक्त बोलण्यासाठी. ज्यांना जमेल त्यांना व्हिडिओ जरूर पाठवावा, पण त्यावर हजेरी लावायची नाही आणि ज्याला तो मिळाला नाही त्याचं काही अडता कामा नये. सोलापूरच्या नीलमनगरात कोरोनाच्या काळात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते, त्याचीही आठवण निघाली. मुलं जिथे आहेत तिथे धडा न्यायचा, हे आपल्याकडे आधी केलेलं आहे.

५ जुलै

पूरदिवसांसाठी अभ्यासाच्या पानांचा संच तयार होतोय. एका दिवसाला एक पान. पुढच्या बाजूला वाचायचं, मागच्या बाजूला करायचं. मोठ्या माणसाच्या मदतीशिवाय तासाभरात होईल इतकंच. निवाऱ्यात मोठ्यांना वेळ नसतो, आणि दुसऱ्याच्या घरी राहणारं मूल मामीला सारखं काही विचारायला लाजतं.

पुस्तकं गेल्या वर्षीपासून चार भागांत आल्यामुळे एक सोय झाली. अख्खं दप्तर नको, पहिला भाग आणि संच एवढंच पिशवीत. साखरेच्या पोत्याच्या आतलं जाड प्लॅस्टिक कापून, मेणबत्तीवर कडा चिकटवून पिशव्या केल्या. झेरॉक्सची अक्षरं ओली झाली तरी फुटत नाहीत, पेनची शाई पसरते. म्हणून प्रत्येक पिशवीत शिसपेन्सिल आणि खोडरबर.

पानांवर पुराचा विषय असावा का, यावर बराच वाद झाला. माझं मत असावा असं होतं: नदीच्या पातळीचे आकडे रोज जाहीर होतात, त्यात दशांश आहे, फूट आणि इंच आहेत, आलेख आहे. तिसरीच्या बाईंचं म्हणणं वेगळं. ज्या मुलाच्या घरात पाणी शिरलंय त्याला कागदावरही पाणीच कशाला दाखवायचं? दोन्ही बरोबर आहे. पाचवी ते सातवीला पातळीचा तक्ता दिला, कारण ती मुलं तसंही दिवसभर त्याच आकड्यांबद्दल बोलत असतात. पहिली ते चौथीला गोष्टी, कोडी, चित्र बघून वाक्यं. कोल्ह्याची गोष्ट, बाजाराची बेरीज, आजीला पत्र.

एक सूचना मोठ्या अक्षरांत प्रत्येक पानावर छापली: पाणी बघायला काठावर जायचं नाही, आकडे मोठ्यांना विचारायचे.

१२ जुलै

वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी झाली. तिच्यातच आठवडा गेला. संचांच्या झेरॉक्सचा खर्च शाळा व्यवस्थापन समितीनं मान्य केला.

२० जुलै

पंचगंगा पात्राबाहेर पडली. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. सरकारी यंत्रणा या दोन आकड्यांवर हलते. आम्ही आमचा आकडा ३५ ठेवला होता, कारण ३९ च्या पुढे लोक सामान बांधायला लागतात आणि मग शाळेची पिशवी कुणाच्याच लक्षात राहत नाही. ठरल्याप्रमाणे संच वाटून झाले. मुलांकडून पिशवी कपड्यांच्या बोचक्याजवळ ठेवायचं कबूल करून घेतलं. दुसरीतल्या एकानं विचारलं, पूर आला नाही तर पानं सोडवायची का? सोडव म्हटलं, सगळी सोडव.

२५ जुलै

जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला, शाळा बंद. विद्यार्थ्यांना सुट्टी, शिक्षकांनी मात्र आपत्ती व्यवस्थापनाच्या कामासाठी हजर राहायचं. दिवस निवारा केंद्राची यादी करण्यात गेला. बाकं व्हरांड्यात रचली, वर्ग झाडून सतरंज्या टाकल्या. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी दुपारपासून चूल पेटती ठेवली आहे.

२८ जुलै

राधानगरीचे दरवाजे उघडलेत, पाणी धोका पातळीच्या वर. गाव अर्धं रिकामं. फोनचं काम सुरू झालं.

वर्गशिक्षकानं आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक दिवसाआड फोन करायचा, असं ठरलं आहे. ज्या शिक्षकांची स्वतःची घरं पाण्यात आहेत त्यांचे वर्ग जोडीदार शिक्षकाकडे. फोनवर काय बोलायचं तेही ठरलेलं: कुठे आहेस, जेवलास का, रात्री झोप लागली का, तिथे कोण कोण आहे. मग आजच्या पानातल्या चार ओळी मोठ्यानं वाचून दाखव. त्या चार ओळींत सगळं कळतं. आवाज दबका आहे, मूल घाबरलेलं आहे, की पिशवी हरवली आहे म्हणून मनानंच वाचतंय. हे कुठल्या ॲपवर दिसत नाही. एका मुलीचा फोन तिच्या मामानं घेतला आणि मागून ती ओरडली, "सरांना सांगा, माझी पाच पानं झाली!"

निवाऱ्यात सकाळी नऊला व्हरांड्यात परिपाठ घेतो. प्रार्थना, दिनविशेष, मग पानं. आमच्या शाळेची मुलं, शेजारच्या वस्तीवरची मुलं, खाजगी शाळेत जाणारी दोन-तीन, अंगणवाडीतली पिल्लं, सगळी एकत्र. जास्तीचे संच छापले होते ते इथे उपयोगी पडले. चौथीतली एक मुलगी बाकांच्या ढिगावर मांडी घालून, स्टीलच्या डब्याचं झाकण मांडीवर उपडं ठेवून त्यावर लिहीत होती. झाकणाला मधे फुगवटा असल्यानं पेन्सिल कागदातून आरपार जायची, म्हणून तिनं आईची घडी घातलेली ओढणी मधे घातली होती. उद्या पुठ्ठे आणायचे. पुढच्या वर्षीच्या संचात पुठ्ठा हवाच.

सातवीच्या मुलांना एक काम जास्तीचं दिलं. वर्गात बसलेल्या आजी-आजोबांना विचारायचं की २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी गावात कुठवर आलं होतं, आणि वहीत गावाचा नकाशा काढून तीन रंगांत रेघा मारायच्या. दुपारभर त्या वर्गात जो आवाज होता तो ऐकण्यासारखा होता. दोन आजींचं मारुतीच्या पायरीवरून भांडण लागलं, २००५ ला तिसरी पायरी की चौथी.

रात्री ८ नंतर आमच्या टॉवरची रेंज गेली. राहिलेले फोन उद्या.

२ ऑगस्ट

प्रकल्पातला सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग आजपासून.

वरच्या भागातल्या शाळा सुरू झाल्या आहेत. आमची बंद. आमच्या निम्म्याहून जास्त मुलं आत्ता अशा गावांत आहेत जिथे शाळेची घंटा वाजते आणि ती मामाच्या ओट्यावर बसून शाळेत जाणारी पोरं बघतात. मग त्यांना घरी बसवून कागद का द्यायचे? तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन बसू दे की!

अडचण कागदोपत्री होती. पटावर नाव नसलेल्या मुलाला बसवायचं तर जबाबदारी कुणाची, आहार कुठून, काही झालं तर उत्तर कोण देणार, असे प्रश्न तिथले मुख्याध्यापक विचारणारच, आणि विचारायलाच हवेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आपल्याकडे शिक्षण हमी पत्रक आहे. मूल पालकांबरोबर दुसऱ्या गावी गेलं की त्या पत्रकावर तिथल्या शाळेत बसतं आणि परत आल्यावर आपल्या वर्गात येतं. तोच कागद पुरासाठी का नाही? केंद्रप्रमुख बाईंशी जुलैतच बोललो होतो, त्यांनी वरिष्ठांची तोंडी संमती घेतली होती. आज आम्ही पत्रकं भरून त्यांचे फोटो त्या त्या शाळांना पाठवले आणि प्रत्येक मुख्याध्यापकांना फोन केला.

बहुतेकांनी लगेच हो म्हटलं. जयसिंगपूरजवळच्या एका शाळेतल्या बाई म्हणाल्या, "तुमची पोरं कालपासूनच आमच्या खिडकीत उभी असतात. मी आजच आत घेतली." एका ठिकाणी मात्र लेखी आदेशाशिवाय बसवता येणार नाही असं उत्तर मिळालं. त्या मुलांचे कागदाचे दिवस चालू ठेवलेत आणि त्यांचे फोन रोज करतोय.

पाहुणी म्हणून बसणाऱ्या मुलांना दुपारचं जेवणही मिळतं. शाळा बंद म्हणजे पोषण आहारही बंद, हे शहरातल्या चर्चांत फारसं येत नाही. ज्या घरात चार पाहुणे वाढलेत तिथे एका वेळचं जेवण शाळेत होणं मोठी गोष्ट आहे.

९ ऑगस्ट

पाणी उतरलं. कुटुंबं परतायला लागली. शाळेची सफाई: गाळ, ब्लिचिंग पावडर, पाण्याची टाकी धुणं, वायरिंगची तपासणी. तपासणी झाल्याशिवाय मुलांना वर्गात घेणार नाही. गावातले तरुण फावडी घेऊन आले होते.

१३ ऑगस्ट

शाळा भरली. संच परत आले.

काही कोरे आले. काही आलेच नाहीत, पिशवीसकट गेले. पण जे आले ते मी संध्याकाळी बसून बघितले आणि त्यातून खूप कळलं. मामाच्या गावी शाळेत बसलेल्या मुलांची पानं कमी सोडवलेली आहेत, तरी त्यांचं वाचन सगळ्यात कमी घसरलं आहे. रोज वर्गात बसणं आणि कागद यांत वर्ग कधीही वरचढ, ही गोष्ट आराखड्यात पहिल्या ओळीत यायला हवी. कागद हा वर्ग मिळेपर्यंतचा आधार. जनावरांच्या मुक्कामी गेलेल्या मोठ्या मुलांकडे सगळ्यात कमी काम झालं, कारण दिवसभर वैरण आणि पाणी. त्यांच्यासाठी पान अर्धं करावं लागेल आणि फोन रात्री.

सहावीतल्या एका मुलाचा पातळीचा आलेख मी मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. त्यानं उभा अक्ष शून्यापासून न घेता ३० पासून घेतला, ३९ वर पिवळी रेघ, ४३ वर तांबडी. रेघ वर चढते आणि मग कितीतरी दिवस वरच सपाट राहते. खाली त्यानं पेन्सिलीनं विचारलं आहे: "पाऊस थांबला तरी रेघ खाली का येत नाही?" उद्याचा भूगोलाचा तास याच प्रश्नावर. फळ्यावर संगम काढायचा, कृष्णा कुठून येते, कोयनेचं पाणी कुठे मिळतं, पुढे अलमट्टी धरण कुठे आहे, ते सगळं.

२१ ऑगस्ट

दिवसांचा हिशोब. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास शिकवणं झालं पाहिजे. आमचे बुडालेले दिवस कसे दाखवायचे, यावर आज केंद्रात चर्चा झाली. एक सूचना अशी आली की ज्यांना फोन झाले त्या सगळ्यांचा पूर्ण दिवस ‘ऑनलाइन अध्यापन’ म्हणून दाखवावा, म्हणजे भरपाई करावी लागणार नाही.

मी विरोध केला आणि तो इथेही नोंदवतो. एका फोनचा दिवस होत नाही. तो फोन मुलासाठी आहे, हजेरीपत्रकासाठी नाही. आपण तो दिवस म्हणून दाखवला तर पुढच्या पुरात फोन लवकर आटोपतील, चार ओळी वाचून घेणं थांबेल आणि फक्त बरोबरची खूण उरेल. बुडालेले तास शनिवारी पूर्ण वेळ शाळा भरवून आणि दिवाळीच्या सुट्टीतले काही दिवस घेऊन भरून काढू. पालकांच्या सभेत हे मांडलं तेव्हा आवाज उठला नाही. एका आजोबांनी एवढंच विचारलं की त्या दिवशी आहार मिळणार ना. मिळेल.

पाहुण्या शाळेत बसलेल्या मुलांचे दिवस मात्र तिथल्या मुख्याध्यापकांच्या सहीनं पूर्ण हजेरी म्हणून धरले आहेत.

३ सप्टेंबर

गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायचा अहवाल पूर्ण केला. त्यात तीन मागण्या ठळक केल्या आहेत. पुरात स्थलांतरित होणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रकावर कुठल्याही शाळेत बसू द्यावं, असा लेखी आदेश जूनमध्येच निघावा, म्हणजे ऐन पुरात कुणाला तोंडी संमतीच्या भरवशावर राहावं लागणार नाही. शाळेचा निवारा होतो तेव्हा एक खोली मुलांसाठी राखून ठेवावी, व्हरांडा पावसात पुरत नाही. आणि निवाऱ्याच्या कामावर शिक्षक नेमताना प्रत्येक वर्गासाठी एकाला दिवसातला एक तास फोनसाठी मोकळा ठेवावा.

परतीचा पाऊस अजून बाकी आहे. पुस्तकाचा दुसरा भाग धरून नवे संच बनवायला घेतलेत, या वेळी प्रत्येक पिशवीत पुठ्ठा आहे. मामाचे नंबर शनिवारी पुन्हा तपासायचे. पाचवीच्या दोन पानांवरचे बदललेत, ते आजच दुरुस्त केले.